हिरव्या मिरवणुकीचे यजमान

मार्च महिन्यातील एका शनिवारी शिकागो शहरातील नदी पाचूसारखी हिरवी होते. १९६२ पासून तेथील नळकारागिरांची संघटना हा रंग पाण्यात सोडत आली आहे. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून तासन् तास वाद्यपथके जात राहतात, सिडनीच्या ऑपेरा हाऊसवर हिरवे दिवे लागतात आणि डब्लिनमधील हॉटेलच्या खोलीचे भाडे सामान्य प्रवाशाच्या आवाक्याबाहेर जाते. निमित्त एकच, १७ मार्च हा संत पॅट्रिकचा स्मृतिदिन. मुलगा किंवा सून डब्लिनला नोकरीस आहे, त्या निमित्ताने आईवडिलांची एक फेरी होणारच आहे, तर मग ती मार्चमध्येच का करू नये, असा विचार आता मराठी घरांतूनही होऊ लागला आहे. त्यात गैर काहीच नाही. दुसऱ्या समाजाचा सण त्याच्या अंगणात जाऊन पाहणे ही तीर्थयात्रेइतकीच जुनी हौस आहे. मात्र ज्या सणाला जायचे तो कोणाचा, कसा घडला आणि त्याचे यजमानपद आज कोणाकडे आहे, याची थोडी विचारपूस केल्याविना गेलेला प्रवासी गर्दी पाहून परत येतो.

आयर्लंडच्या या प्रसिद्ध मिरवणुकीबाबत पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती अशी की, ती आयर्लंडमध्ये जन्मली नाही. ज्या पॅट्रिकच्या नावाने ती निघते तोही जन्माने आयरिश नव्हता. पाचव्या शतकातील हा पुरुष रोमन अमलाखालील ब्रिटनमधला. आयरिश चाच्यांनी त्याला वयाच्या सोळाव्या वर्षी पळवून नेले, सहा वर्षे त्याने गुलाम म्हणून गुरे-मेंढरे राखली, मग सुटका करून घेतली आणि पुढे धर्मप्रचारक होऊन तो त्याच भूमीत परतला. त्याने सापांना समुद्रात हाकलले ही कथा सर्वांना ठाऊक असते. हिमयुगानंतर त्या बेटावर साप मुळातच नव्हते, हे निसर्गशास्त्रज्ञ हसून सांगतात. त्याचा म्हणून जो रंग मानला जात असे तोही एके काळी निळा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिकारकांनी हिरवा रंग आपला केला आणि तेव्हापासून तो रंग अंगावर घेणे ही एक राजकीय कृती ठरली.

मिरवणुकीच्या ज्ञात नोंदी पाहाव्यात तर त्या सगळ्या अटलांटिकपलीकडच्या. फ्लोरिडातील स्पॅनिश वसाहतीत १६०१ मध्ये अशी एक मिरवणूक निघाल्याची नोंद अलीकडे सापडली आहे. न्यूयॉर्कची परंपरा १७६२ पासूनची. परंतु या मिरवणुकीला आजचे सामर्थ्य आले ते दुष्काळानंतर. १८४५ पासून बटाट्याचे पीक सलग कुजत गेले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच जहाजांत बसून देशोधडीला लागली. त्याच काळात त्या बेटावरून धान्य व गुरे इंग्लंडला निर्यात होतच होती. १८४१ मध्ये ऐंशी लाखांवर असलेली बेटाची लोकसंख्या आजही तो आकडा गाठू शकलेली नाही. पावणेदोनशे वर्षांनंतरही जुनी लोकसंख्या भरून न आलेला असा देश युरोपात दुसरा दाखवणे कठीण.

अमेरिकेत उतरलेल्या या फाटक्या माणसांना तेथे मान नव्हता. त्यांचा धर्म वेगळा, उच्चार वेगळे, वाट्याला आलेली कामे हलकी. वर्षातून एक दिवस छाती पुढे काढून, रांगेत, वाद्यांच्या गजरात शहराच्या मुख्य रस्त्यावरून जाणे म्हणजे आपण येथे आहोत आणि संख्येने आहोत हे सांगणे होते. १७ मार्च १९२० रोजी न्यूयॉर्कच्या याच मिरवणुकीत फेटे बांधलेले भारतीयही हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे फलक घेऊन चालले, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. आयरिश नेते एमन डी व्हॅलेरा त्या वेळी अमेरिकेत होते. आयर्लंड आणि हिंदुस्थान यांचा लढा एकच आहे, असे त्यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील भारतीयांच्या सभेत मांडले होते.

मायदेशी मात्र हा दिवस दीर्घकाळ शांत होता. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, कोटाच्या भोकात शॅमरॉकची तीन पानांची डहाळी, घरी जेवण. १९०३ मध्ये कायद्याने सुटी मिळाली. स्वतंत्र राज्याने १९२७ मध्ये केलेल्या कायद्यामुळे तर त्या दिवशी मद्यालये बंद राहू लागली आणि पुढे काही दशके तशीच राहिली. आज ज्या दिवसाची जगभरची ओळख मद्यपानाशी जोडली गेली आहे, तोच दिवस त्याच्या मायभूमीत ‘कोरडा’ होता! डब्लिनमध्ये त्या दिवशी भरणाऱ्या श्वानप्रदर्शनात तेवढे मद्य मिळे, त्यामुळे शहरात एकाएकी श्वानप्रेमी किती वाढत, याचे किस्से तेथील वृद्ध अजून रंगवून सांगतात. १९३१ पासून डब्लिनमध्ये सरकारी संचलन होऊ लागले. आज दिसणारा अनेक दिवसांचा भव्य उत्सव मात्र सरकारने १९९५ मध्ये ठरवून उभा केला आणि १९९६ मध्ये तो प्रथम साजरा झाला. म्हणजे स्थलांतरितांनी परक्या देशात घडवलेले रूप दोनशे वर्षांनी मायदेशाने परत आयात केले. २००१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगामुळे तो मे महिन्यात ढकलावा लागला. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीने रस्तेच रिकामे केले. पण दरवेळी तो अधिक मोठा होऊन परतला.

हे सारे कृत्रिम म्हणून मोडीत काढावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. कोणताही सार्वजनिक उत्सव कोणीतरी, कधीतरी ठरवूनच सुरू केलेला असतो. ज्या १८९३ साली पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, त्याच वर्षीच्या ३१ जुलैला डब्लिनमध्ये गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी डग्लस हाइड हे धर्मोपदेशकाचे पुत्र, स्वतः इंग्रजी वळणात वाढलेले. आयरिश माणूस इंग्रजाचा द्वेष करतो आणि अनुकरणही त्याचेच करतो, ही विसंगती त्यांनी १८९२ च्या भाषणात निर्भीडपणे मांडली होती. १७ मार्चची सुटी मिळवण्यामागे या लीगचा मोठा रेटा होता. १९०२ पासून सुरू झालेला आयरिश भाषा सप्ताह आज १ ते १७ मार्च असा पंधरवडाभर चालतो, तोही तिचाच वारसा. दोन पारतंत्र्यांतील समाजांना एकाच दशकात उत्सवाची सामाजिक शक्ती उमगावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याचा विषय नाही. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला आणि त्याच महिन्यात लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ते नावही आयर्लंडच्याच चळवळीतून आलेले.

पण येथेच एक बोचरी वस्तुस्थिती समोर येते. हाइड यांना सुटी हवी होती ती भाषेसाठी. भाषेचे पुढे काय झाले? आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी, म्हणजे दर दहांतील चौघांनी, आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजार. शंभर वर्षे शाळेत सक्तीने शिकवूनही ही अवस्था! मिरवणूक मोठी होत गेली आणि जिच्यासाठी तिचा दिवस मागून घेतला होता ती भाषा पश्चिम किनाऱ्यावरच्या काही पट्ट्यांत आक्रसत गेली. डब्लिनच्या ओकॉनेल रस्त्यावर पाच-सहा तास उभा राहणारा पाहुणा हजारो हिरव्या टोप्या पाहतो. त्याच्या कानावर आयरिश भाषेचे वाक्य क्वचितच पडते. दुकानांच्या पाट्या आणि बसवरील गावांची नावे यांपलीकडे ती भाषा त्याला भेटतच नाही.

म्हणून ज्याला आयर्लंडचे सण पाहावयाचे आहेत त्याने डब्लिन जरूर करावे, पण तेथेच थांबू नये. केरी परगण्यात अगदी पश्चिम टोकाला डिंगल नावाचे छोटे बंदर आहे. तेथील १७ मार्चची मिरवणूक पहाटे सहा वाजता अंधारात, बासरी आणि ढोल यांच्या पथकाने निघते. जमीनदारांविरुद्धच्या लढ्याच्या काळात सूर्योदयानंतर जमण्यास बंदी होती, म्हणून लोक सूर्योदयापूर्वी निघाले, अशी तिची कथा सांगतात. सत्ता गेली, बंदी गेली, वेळ मात्र तीच राहिली. कॉर्क परगण्यातील ड्रिप्सी या खेड्याने उलट टोक गाठले होते. तेथील मिरवणूक गावातील एका मद्यालयापासून दुसऱ्या मद्यालयापर्यंत, अवघी शंभर यार्डांची. जगातील सर्वांत लहान मिरवणूक म्हणून ती गाजली. १९९९ मध्ये सुरू झालेली ही गंमत दोहोंपैकी एक मद्यालय बंद पडल्यावर २००७ नंतर संपली. मिरवणुकीला जायला दुसरे टोकच उरले नाही.

डिंगलचा खरा दिवस मात्र २६ डिसेंबर, रेन पक्ष्याचा दिवस. रेन म्हणजे मुठीत मावेल एवढा, शेपटी ताठ उभी ठेवणारा तपकिरी पक्षी. पंचतंत्र वाचून वाढलेल्या मुलांना त्याची कथा लगेच आपली वाटेल. सर्वांत उंच उडेल तो पक्ष्यांचा राजा, असे ठरले. गरुड सर्वांना मागे टाकून वर गेला आणि थकला, तेव्हा त्याच्या पिसांत दडून बसलेला रेन बाहेर पडून चार हात आणखी वर गेला. राजा झाला, पण लबाडीने. संत स्टीफन लपला असताना याच पक्ष्याच्या चिवचिवाटाने तो पकडला गेला, असाही त्याच्यावर आरोप. त्या अपराधाची शिक्षा म्हणून पूर्वी या दिवशी मुले रेनची शिकार करीत, त्याला काठीला बांधून दारोदार नेत आणि त्याच्या अंत्यविधीसाठी म्हणून पैसे मागत. जमलेल्या पैशांत रात्री नाचगाणे होई. आज पक्षी मारला जात नाही. बाकी सर्व आहे. गावाच्या निरनिराळ्या आळ्यांची पथके, प्रत्येकाचे रंग ठरलेले, गवताच्या काड्यांचे विणलेले पोशाख, तोंड झाकणारे शंकूसारखे उंच मुखवटे, जबडा खाड्खाड् वाजवणारा लाकडी घोडा आणि छातीत घुमणारे ढोल. दुपारी सुरू झालेली पथके रात्रीपर्यंत त्याच त्या गल्ल्यांतून फिरत राहतात. मुखवट्याआड शिक्षक कोण, मच्छीमार कोण, हे गावालाच ठाऊक. जमलेला पैसा धर्मादाय कामाला जातो. कोकणातील शिमग्याचे खेळे ज्याने पाहिले आहेत त्याला या दृश्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा असाच दिवस १ फेब्रुवारीचा, संत ब्रिजिडचा. ख्रिस्तपूर्व काळात ब्रिजिड ही आयर्लंडची देवता होती. काव्य, लोहारकाम आणि आरोग्य यांची अधिष्ठात्री. वसंतारंभाचा इम्बोल्क हा जुना सण या तिथीचा. नवा धर्म आला आणि देवतेचे नाव, दिवस, गुण हे सारे किल्डेरच्या एका संत स्त्रीच्या ठायी एकवटले. किल्डेर येथे तिच्या मठात अखंड अग्नी तेवत असे आणि तो राखण्याचे काम स्त्रियांकडेच होते, असे बाराव्या शतकातील प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. मध्ये शतकांचा खंड पडला; १९९३ मध्ये तेथील ब्रिजिडपंथी भगिनींनी तो अग्नी पुन्हा प्रज्वलित केला. आदल्या संध्याकाळी घराबाहेर झुडपावर कापडाचा तुकडा ठेवायचा, रात्री ब्रिजिड त्यावरून हात फिरवून जाते, मग ते कापड वर्षभर डोकेदुखीवर उपयोगी पडते, ही श्रद्धा खेड्यांत अजून टिकून आहे. लव्हाळ्याच्या पात्यांचा चार हातांचा क्रूस विणून दारावर लावतात. तेथील सरकारी दूरचित्रवाणी १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने हाच क्रूस आपले चिन्ह म्हणून घेतला होता. आणि २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाने राष्ट्रीय सुटी मिळू लागली आहे; स्त्रीच्या नावाची ही तेथील पहिलीच सुटी. कित्येक शतके आज्यांनी स्वयंपाकघरात सांभाळलेल्या दिवसाला राज्याने मान्यता दिली. या सणाला प्रचंड मिरवणूक नाही, आतषबाजी नाही. शाळाशाळांतून लहान मुले पाते दुमडून क्रूस विणताना दिसतात, एवढेच. मार्चमधील हिरव्या पुरापेक्षा ते पाहणे अधिक मोलाचे आहे, असे म्हटल्यास डब्लिनच्या पर्यटन खात्याला राग येईल, पण ते खरे आहे.

ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनची कथा मिरवणुकीच्याच वळणाची. त्याचे मूळ साऊन या आयरिश सणात. उन्हाळा संपला, गुरे खाली आली, जिवंत आणि मृत यांच्यामधील पडदा त्या रात्री विरळ होतो, अशी समजूत. सलगम कोरून त्याचे भेसूर चेहरे करीत. स्थलांतरितांना अमेरिकेत भोपळा सापडला, तो कोरायला सोपा. आता तोच भोपळा प्लास्टिकच्या सांगाड्यांसह आयर्लंडच्या दुकानांत परत आला आहे. मीथ परगण्यात जेथे पूर्वी साऊनचे अग्नी पेटत असल्याचे मानतात, त्या अथबॉय गावाजवळच्या टेकडीवर जाणाऱ्यास अजून थोडे मूळ गवसते. ऑगस्टच्या १० ते १२ तारखांना किलॉर्ग्लिन गावात डोंगरातून पकडून आणलेल्या रानबोकडाला मुकुट घालून राजा करतात आणि उंच मचाणावर बसवतात. १६१३ च्या राजसनदेत उल्लेख असलेली ही जत्रा आहे. २०२२ च्या उन्हाच्या लाटेत टीका झाल्यावर महाराजांना खाली उतरवावे लागले. परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी अशा प्रसंगी चिडू नये. रेन पक्ष्याला सोडून दिल्याने डिंगलचा सण मेला नाही.

मिरवणुकीचे आणखी एक रूपही त्याच बेटावर आहे आणि ते विसरून चालणार नाही. उत्तर आयर्लंडमध्ये दर १२ जुलैला ऑरेंज पंथाची पथके १६९० च्या बॉइन लढाईतील विजयाचे ढोल वाजवत निघतात. त्यांच्या दृष्टीने तो परंपरागत हक्क. ज्यांच्या वस्तीतून ते ढोल जातात त्यांना तो पराभवाचा वार्षिक स्मरणदिन. पोर्टाडाउन येथील ड्रमक्रीचा वाद १९९५ पासून इतका विकोपाला गेला की मिरवणुकांचे मार्ग ठरवण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला आणि १९९८ पासून त्या रस्त्याने ती मिरवणूक जाऊ शकलेली नाही. रस्ता तोच, ढोल तेच. कोणाच्या दारावरून आणि कोणत्या हेतूने, एवढ्यानेच सण आणि दहशत यांत अंतर पडते.

पाहुण्याविषयीचा प्रश्न आयरिश समाजाला स्वतःलाही सुटलेला नाही. २०१३ मध्ये सरकारने जगभरच्या आयरिश वंशजांना ‘घरी या’ म्हणून वर्षभराचे निमंत्रण दिले. गावोगावी कुळांचे मेळावे झाले. तेव्हा अमेरिकेत स्थायिक असलेले नामवंत आयरिश अभिनेते गॅब्रिएल बर्न यांनी, हा परदेशस्थांच्या खिशात हात घालण्याचा डाव आहे, अशी उघड टीका केली. टीका कठोर होती, पण पूर्णतः निराधार नव्हती. ज्याला एरवी विचारले जात नाही त्याला केवळ उत्सवापुरते बोलावणे, हे कोणत्याही घरात खटकतेच.

आणि आता त्या घरात भारतीयही राहतात. २०२२ च्या जनगणनेत तेथे ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक नोंदले गेले. रुग्णालये व संगणक कंपन्या यांत त्यांचा मोठा वाटा आहे. मालवण तालुक्यातील वराड गावच्या डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान झाले, १७ मार्चच्या निमित्ताने व्हाइट हाऊसमध्ये शॅमरॉकचे भांडे अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊनही गेले. त्याच देशात २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये भारतीयांवर रस्त्यांत हल्ल्यांची मालिका झाली आणि डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये ठरलेला भारत दिनाचा सोहळा सुरक्षिततेच्या कारणाने पुढे ढकलावा लागला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी या हल्ल्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि आयरिश माणूस स्वतः स्थलांतरित होता याची देशाला आठवण करून दिली. अनेक सामान्य आयरिश नागरिकही भारतीयांच्या बाजूने उभे राहिले, हे नमूद केलेच पाहिजे. पण ज्या समाजाने परदेशी रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळवण्यासाठी मिरवणूक घडवली, त्याच समाजाच्या राजधानीत दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाला आपला मेळावा थांबवावा लागला. हिरव्या टोपीखालच्या आयर्लंडला याचे उत्तर द्यावे लागेल. १९२० मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर कोण कोणासोबत चालले होते, हे डब्लिनच्या शाळांतील मुलांना शिकवले गेले तर ते उत्तर सोपे होईल.

जे मराठी कुटुंब जाऊ इच्छिते त्याने भीतीपोटी बेत रद्द करण्याचे कारण नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, एवढे आधी पाहून घ्यावे. आणि डेरीची प्रसिद्ध हॅलोविन मिरवणूक ब्रिटनच्या हद्दीत येते, हेही. मार्चमध्ये जायचे तर डब्लिनला एक दिवस द्यावा आणि उरलेले दिवस एखाद्या लहान गावाला, जेथे मिरवणुकीत गावचा ट्रॅक्टर, शाळेचे पथक आणि हर्लिंग खेळणारी मुले असतात व प्रेक्षकांतील प्रत्येकाचा कोणी ना कोणी त्यात चालत असतो. ‘दिया घ्विच’ हे आयरिश अभिवादन पाठ करून जावे. देव तुझ्यासोबत असो, असा त्याचा अर्थ. डिंगलचा रेन पाहायचा असेल तर २४ डिसेंबरपूर्वीच तेथे पोहोचावे लागते, कारण २५ तारखेला देशभरातील रेल्वे आणि बस बंद असतात. दुपारी साडेचारच्या सुमारास तेथे अंधार पडतो आणि समुद्रावरून वारा सुटतो. गवताचे पोशाख घातलेली पथके तेव्हा नुकती रंगात येऊ लागलेली असतात.